पी-८आय: नऊ माणसं, पाच खुर्च्या आणि शंभरावर बोये

गोव्याच्या दाबोळी विमानतळावर उतरताना धावपट्टीच्या पलीकडे एखादं राखाडी ७३७ उभं दिसलं, तर आधी त्याच्या खिडक्या शोधा. प्रवासी ७३७ च्या अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत खिडक्यांची माळ असते. याच्या पुढच्या भागात दोन्ही बाजूंना एकेक मोठी खिडकी आणि बाकी जवळजवळ कोरी भिंत. पंखांची टोकं वर वळलेली नाहीत, मागं तिरकी निमुळती झालीत. शेपटीतून एक दांडा मागं आलेला. पोटाखाली, पंखांच्या मागं, उघडमीट करणारी दारं. हे पी-८आय, आपल्या नौदलाचं लांब पल्ल्याचं सागरी गस्ती विमान. पहिलं तमिळनाडूतल्या अरक्कोणमच्या आयएनएस राजालीवर मे २०१३ मध्ये उतरलं. तिथली आठ विमानांची तुकडी तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी १३ नोव्हेंबर २०१५ ला राष्ट्राला अर्पण केली. नंतरची चार दाबोळीच्या आयएनएस हंसावर आली आणि त्यांची आयएनएएस ३१६ ही ‘काँडर्स’ तुकडी २९ मार्च २०२२ ला उभी राहिली. एकूण बारा.

या विमानावर लिहायचं म्हणजे वेग, पल्ला आणि क्षेपणास्त्रांचा तक्ता मांडायचा, अशी रीत पडली आहे. तर तो आधी उरकून टाकू. लांबी साडेएकोणचाळीस मीटर, पंखांचा विस्तार साडेसदतीस, उड्डाणावेळचं कमाल वजन सुमारे ८५ टन. सीएफएम ५६-७ जातीची दोन इंजिनं. कमाल वेग ताशी ९०० किमीच्या आसपास, उंची ४१,००० फूट. २,२०० किमी लांब जाऊन चार तास काम करून परत येण्याची ताकद. हार्पून क्षेपणास्त्रं आणि मार्क ५४ पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो. झालं.

आता खरं परीक्षण. पाणबुडी शोधणाऱ्या विमानात उडणं म्हणजे कचेरीत पोचणं. काम पोचल्यावर सुरू होतं. आणि पी-८ ची कचेरी म्हणजे आत डाव्या भिंतीला लागून ओळीनं मांडलेली पाच टेबलं. एकेका टेबलावर मोठे पडदे, पुढ्यात खुर्ची, कानावर इंटरकॉम. विमानाचे पैसे इथं वसूल होतात, आणि ते कमी पडतं तेही बहुतेक इथंच.

कोण कुठं बसतं ते आधी पाहू. साधारण नऊ जणांचा चमू. पुढं दोन वैमानिक. मागच्या ओळीत टॅको, म्हणजे डावपेच ठरवणारा अधिकारी. त्याच्या जोडीला दुसरा अधिकारी. संपर्क, डेटा लिंक, मार्गनिर्देशन हे त्याच्याकडे. मग ध्वनी ऐकणारे सेन्सो, म्हणजे सेन्सर ऑपरेटर. आणि रडार, कॅमेरा, परक्या रडारच्या लहरी पकडणारी यंत्रणा असं ‘पाण्यावरचं’ सगळं बघणारे. पुढच्या दोन मोठ्या खिडक्यांशी डोळ्यांनी टेहळणी करणारे. आणि शेपटीकडच्या भागात, पाण्यात टाकून ऐकायचे बोये चढवणारा, लाँचर सांभाळणारा हात. नऊ हा आकडा मोहिमेप्रमाणे हलतो. उड्डाण लांबलं तर जादा वैमानिक येतो, शिकाऊ येतो.

टॅको आणि सेन्सो हे शब्द आपल्याकडे नव्यानं कानावर पडले ते ऑगस्ट २०२२ मध्ये. त्या महिन्याच्या ३ तारखेला पोरबंदरच्या आयएनएएस ३१४ मधल्या पाच महिला अधिकाऱ्यांनी डॉर्नियर या छोट्या गस्ती विमानातून उत्तर अरबी समुद्रात गस्त घातली. आंचल शर्मा यांच्याकडे नेतृत्व होतं, शिवांगी आणि अपूर्वा गिते वैमानिक, पूजा पांडा टॅको, पूजा शेखावत सेन्सो. डॉर्नियरवर पाच जणांत भागतं, कारण तिथं बहुतेक काम पाण्यावरचं. पाण्याखालचं ऐकायचं म्हटलं की माणसं वाढतात.

पी-८ च्या आखणीतली सगळ्यात हुशार गोष्ट म्हणजे पाचही टेबलं एकाच नकाशावर काम करतात. रडारवाल्याला दिसलेला ठिपका, सेन्सोला आलेली दिशा, डेटा लिंकवरून दुसऱ्या जहाजानं पाठवलेली खूण, हे सगळं एकाच चित्रात येऊन पडतं आणि ते चित्र सगळ्यांना दिसतं. एका टेबलाचा पडदा गेला तर ते काम शेजारच्या टेबलावर उघडता येतं. जुन्या विमानांत हे असं नव्हतं. पी-८ च्या आधीच्या तुपोलेव्ह १४२ मध्ये पुढची आणि मागची दाबबंद केबिन वेगवेगळी होती, मध्ये शस्त्रांचा कप्पा. मागच्या माणसाशी नातं फक्त आवाजाचं. चित्र टॅकोच्या डोक्यात जमायचं आणि इतरांनी ते शब्दांवरून ओळखायचं.

पण एक चित्र सगळ्यांना दिसतं म्हणून एकानंच सगळं बघायचं, ही सवय लागायला वेळ लागत नाही. टॅको आहेच, तो बघेल, असं म्हणून शेजारचा आपल्या पडद्यावरच्या खिडकीतून मान बाहेर काढत नाही. पाचही जण एकाच रंगीत ठिपक्याकडे टक लावून बसतात आणि नकाशाच्या दुसऱ्या कोपऱ्यात बोया बंद पडलेला असतो. चांगल्या चमूत टॅको दर काही मिनिटांनी मुद्दाम विचारतो: कोणाला काही वेगळं वाटतंय का? ज्या चमूत हा प्रश्न विचारला जात नाही तिथं भारी यंत्रणाही दहा वर्षांनी जुनी होते.

आता बोया. कोकणातल्या माणसाला हा शब्द समजावून सांगायला नको. जाळ्यावर तरंगणारा, खाली काय चाललंय त्याची खूण देणारा. सोनोबॉय, म्हणजे पाण्यातला आवाज ऐकून विमानाला कळवणारा बोया, त्याचाच खर्चिक चुलतभाऊ. जगभर रूढ असलेल्या ‘ए’ मापाचा बोया म्हणजे १२ सेंमीहून किंचित जास्त व्यासाची, ९१ सेंमी लांब नळी. वजन फार तर १७-१८ किलो. पी-८ मध्ये असे शंभरावर मावतात. शेपटीकडच्या भागात रॅकवर रचलेले असतात. तिथंच दहा-दहा नळ्यांचे तीन फिरते लाँचर, शिवाय एकेरी नळ्या. बोया विमानातून हवेच्या दाबानं बाहेर फेकला जातो.

एक बोया पाण्यात नीट जाण्याची कृती अशी. आधी तीन गोष्टी ठरवायच्या: चॅनल, खोली, आयुष्य. चॅनल म्हणजे तो कोणत्या व्हीएचएफ लहरीवर बोलणार. १३६ ते १७३.५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असे ९९ चॅनल आहेत. खोली म्हणजे पाण्यात कान किती खाली सोडायचा. नेहमीच्या ऐकणाऱ्या बोयाला सुमारे २७ मीटरपासून ३०० मीटरपर्यंत ठरावीक पायऱ्या असतात. आयुष्य म्हणजे किती वेळ बोलून मग आपणहून बुडायचं. अर्ध्या तासापासून आठ तासांपर्यंत. मग नळीत चढवायचा. टॅको नकाशावर जागा टाकतो, वैमानिकाच्या पडद्यावर तिकडची वाट उमटते, विमान त्या बिंदूवर आलं की बोया सुटतो. छत्री उघडते. पाण्यावर आदळला की खाऱ्या पाण्यानं बॅटरी जागी होते, तरंगणारा फुगा वर राहतो, त्यातून अँटेना, आणि खालून तारेला लटकून हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातला कान, ठरलेल्या खोलीपर्यंत उतरतो. मग पडद्यावर त्या चॅनलची पट्टी हलायला लागते आणि सेन्सो सांगतो: सतरा अप, सतरा स्वीट. म्हणजे बोया जिवंत आहे आणि आवाज स्वच्छ येतोय.

यात काय काय बिघडतं ते ऐकण्यासारखं आहे. पहिलं, तोच चॅनल दोनदा. शंभर बोये आणि ९९ चॅनल, त्यातले काही शेजारच्या जहाजाच्या हेलिकॉप्टरनं आधीच अडवलेले. एकाच चॅनलवर दोन बोये बोलू लागले की दोन्ही वाया. म्हणून चॅनलची यादी उड्डाणाआधी वाटून घ्यायची असते, आणि ती दुसऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलावर राहते, टॅकोच्या डोक्यात नाही. दुसरं, आयुष्य चुकीचं. तासाभराचा बोया आठ तासांच्या रांगेत टाकला की मधेच रांगेला खिंडार पडतं. आणि नेमकी तिकडूनच पाणबुडी निघून गेली तर पकडायचं कशानं? तिसरं, बोया पडतो तिथं राहत नाही. उंचावरून टाकला तर वारा त्याला छत्रीसकट ओढतो. उतरायला तीन मिनिटं धरली आणि वारा सेकंदाला १० मीटर धरला, तर तो १,८०० मीटर बाजूला पडतो. मग प्रवाह त्याला आणखी वेगळीकडे नेतो. काही नव्या बोयांत जीपीएस आहे, तिथं हा प्रश्न बराच सुटतो. नसेल तिथं विमान पुन्हा बोयाच्या डोक्यावर नेऊन जागा दुरुस्त करावी लागते. चौथं, काही बोये मुकेच निघतात. ते गृहीत धरून रांग आखायची असते. पाच पुरतील असं वाटलं तर सहा टाका, हा काटकसरीचा नाही पण शहाणपणाचा हिशोब.

काटकसरीचा विषय निघालाच आहे. बोये एकदाच वापरायचे. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेनं भारतीय नौदलाच्या एमएच-६०आर हेलिकॉप्टरांसाठी सोनोबॉय विकायला मंजुरी दिली, त्या प्रस्तावाची अंदाजे किंमत ५ कोटी २८ लाख डॉलर होती. विमान घेताना बातम्या येतात. बोयांची बातमी आतल्या पानावर. पण शोध किती वेळ चालणार हे इंधनाइतकंच रॅकवर किती बोये उरलेत त्यावर ठरतं. तिसऱ्या तासाला टॅकोच्या मनात चालू असतं ते हेच: चाळीस उरलेत, आत्ता दहा टाकू की थांबू?

ऐकणं म्हणजे हेडफोन लावून बसणं, ही सिनेमातली समजूत. कान लागतोच, पण मुख्य काम डोळ्याचं आहे. पडद्यावर वरून खाली सरकत जाणारं चित्र असतं. आडवी बाजू कंपनांची, उभी बाजू वेळेची. कायम एकाच कंपनाचा आवाज असेल तर तिथं उभी रेघ उमटते. एखाद्या जहाजाचा पंखा मिनिटाला १२० फेरे घेतोय आणि त्याला चार पाती आहेत, तर सेकंदाला आठ ठोके, म्हणजे ८ हर्ट्झला रेघ. जनित्र ५० हर्ट्झचं की ६० चं, यावरून जहाज कोणत्या पद्धतीनं बांधलंय याचा अंदाज येतो. आणि रेघ हळूच डावीकडे झुकली तर समजायचं, येणारी वस्तू आता जवळून पुढं गेली. किती झुकते? पाणबुडी सेकंदाला ५ मीटर, म्हणजे दहाएक नॉटनं चालली असेल आणि आवाज पाण्यात सेकंदाला १,५०० मीटर जात असेल, तर ५० हर्ट्झची रेघ येताना एक षष्ठांश हर्ट्झ वर आणि जाताना तेवढीच खाली. एवढ्याशा हालचालीवर नजर ठेवून सहा-सहा तास बसायचं. म्हणून सेन्सो दोन लागतात, आणि ते आलटून पालटून टेबल बदलतात.

दिशा सांगणाऱ्या बोयाची दिशा अगदी काटेकोर नसते. दहा अंशांची चूक धरून चालायचं. पाणबुडी दहा किमीवर असेल तर दहा अंश म्हणजे पावणेदोन किमी इकडे-तिकडे. दोन बोयांच्या रेषा जिथं छेदतात तो बिंदू नसतो, तो एक फुगीर चौकोन असतो. टॅकोनं बिंदू समजून विमान वळवलं की पुढचे चार बोये चुकीच्या जागी पडतात.

इथं बोलण्याची शिस्त कामाला येते. तीन शब्द ठरलेले आहेत: पॉससब, प्रॉबसब, सर्टसब. पाणबुडी असू शकते, बहुधा आहे, नक्की आहे. यातला शेवटचा शब्द सहसा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय उच्चारत नाहीत. धोका असा, की सेन्सो म्हणाला पॉससब, दुसऱ्यानं ते नोंदवलं, लिंकवरून जहाजाला गेलं, जहाजानं तेच परत विचारलं, आणि पंधरा मिनिटांत तोच एक आवाज चार तोंडांतून फिरून ‘बहुधा’ होऊन परत आला. पुरावा तेवढाच. म्हणून चांगला टॅको विचारतो: नवीन काय आलं? कोणत्या बोयावर? पहिल्या सेन्सोनं सांगितलेलं दुसऱ्यानं त्याचा पडदा न बघता स्वतःच्या पडद्यावर पडताळायचं, हा नियम कंटाळवाणा वाटतो. तो मोडला की मासेमारीच्या ट्रॉलरमागं तास जातो.

ट्रॉलर हा आपल्या किनाऱ्यावरचा खरा वैरी, ध्वनीच्या दृष्टीनं. मालवणपासून वेरावळपर्यंत हंगामात पाण्यात इंजिनांची जत्रा असते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा जत्रा ओसरते, पण नेमका तेव्हाच पाऊस आणि खवळलेला समुद्र स्वतःचा आवाज घेऊन बसतो. पूर्व किनाऱ्यावर बंदी १५ एप्रिल ते १४ जून. राजालीच्या चमूला पावसाआधीची शांत खिडकी मिळते, हंसाच्या चमूला ती मिळत नाही.

म्हणूनच पहिला बोया ऐकणारा नसावा. तो तापमान मोजणारा असावा. पाण्यात आवाज सरळ जात नाही, गरम-गार थरांवर वाकतो. पाणबुडी थराखाली आणि हायड्रोफोन थरावर, अशी गाठ पडली तर मैलभरावरूनही काही ऐकू येणार नाही. अरबी समुद्राचं वरचं पाणी खारट, हजारी ३६ भागांच्या आसपास. बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागात पावसाळ्यानंतर नद्यांचं गोडं पाणी वर पसरून तेच ३० च्या खाली जातं. म्हणजे एकाच महिन्यात गोव्याहून उडालेल्या चमूची खोलीची निवड अरक्कोणमच्या चमूला जशीच्या तशी चालत नाही. घाईत हा पहिला बोया वगळला की उरलेले तीस अंदाजानं पडतात. ही चूक यंत्राची नाही, वेळापत्रकाची आहे.

पाण्यावरच्या कामात विमान जास्त सहज वाटतं. नाकातलं रडार पुढचं आणि बाजूंचं बघतं. भारतानं मागच्या बाजूसाठी वेगळं रडार मागून घेतलं, ते अमेरिकेच्या पी-८ए वर नाही. त्यामुळे वळसा न घेता सभोवार दिसतं. जहाजं आपली ओळख एआयएस या स्वयंचलित यंत्रणेवर सांगत असतात. रडारवाल्याचं काम सोपं असतं: जो सांगत नाही त्याच्याकडे बोट दाखवायचं. मग कॅमेरा तिकडे, मग परक्या रडारच्या लहरी येतात का ते, मग नोंद. मार्च २०२४ मध्ये चाच्यांनी पळवलेल्या एमव्ही रुएनवर आयएनएस कोलकातानं चाळीस तासांत ३५ चाच्यांना शरण आणलं, तेव्हा पी-८आयची नजर होती ती अशीच. पण रडारच्या बाबतीत सगळं छान नाही. २०१८ मध्ये संसदेत मांडलेल्या कॅगच्या अहवालात स्पष्ट म्हटलं होतं, की या विमानावरच्या रडारांच्या मर्यादांमुळे ठरवलेलं क्षेत्र व्यापता येत नाही. विकत घेणाऱ्यानं हे वाक्य जपून ठेवावं. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या चाचणी कार्यालयानंही सुरुवातीच्या पी-८ए च्या विस्तीर्ण क्षेत्रातल्या पाणबुडी शोधावर नापसंतीचा शेरा मारला होता. पुढं सॉफ्टवेअर आणि बोये बदलत गेले. तरी नवीन विमान म्हणजे तयार विमान, असं नसतं.

शेपटीतला दांडा म्हणजे मॅड, चुंबकीय फरक टिपणारं यंत्र. पाणबुडीच्या लोखंडामुळे पृथ्वीच्या चुंबकत्वात पडणारी किंचित सुरकुती ते ओळखतं. अमेरिकेनं पी-८ए वर वजन वाचवायला हे काढून टाकलं. भारतानं ठेवायला लावलं. माझ्या मते निर्णय बरोबर. बोया सांगतो ‘इकडे कुठं तरी’. मॅड सांगतं ‘आत्ता, बरोब्बर खाली’. पाणतीर सोडायच्या आधी हा शब्द लागतो. किंमत मात्र आहे. मॅडचा पल्ला काही शे मीटरचा, म्हणजे जेट विमानाला पाण्याला चिकटून यायला हवं. तिथं इंधन भसाभस जळतं, पक्ष्यांची भीती, आणि मागे बसलेले पाच जण विमानाच्या दिशेला आडवे, भिंतीकडे तोंड करून, खिडकीशिवाय. विमान कलंडून वळतं तेव्हा डोळे सांगतात स्थिर, पोट सांगतं नाही. पिशवी जवळ ठेवावी.

उंचावरून काम करण्याचा मोठा फायदा दुसरा आहे. बोयाचं बोलणं सरळ रेषेत येतं. २०,००० फुटांवरून सिद्धांतानं सव्वातीनशे किमीपर्यंतचे बोये ऐकू येतात. ५०० फुटांवरून जेमतेम पन्नास. म्हणून पी-८ चा खरा डाव असा: वर राहून विस्तीर्ण रांग ऐकायची, वास लागला की खाली उतरायचं, मॅडनं बोट ठेवायचं. वर-खाली होण्याचा हा निर्णय टॅकोला इंधनाच्या आकड्याशी बांधून घ्यावा लागतो, आणि तो आकडा वैमानिकाकडे असतो. पाणतीर सोडायलाही दोघं लागतात: पुढं मास्टर आर्म, म्हणजे शस्त्रांचा मुख्य खटका, मागं निवड आणि नेम. एकट्याच्या हातात काही नाही. हे चांगलंच आहे.

पल्ल्याबद्दल एक सावधगिरी. २,२०० किमी आणि चार तास, हे आकडे गोव्याहून नकाशावर फिरवून पाहा. लक्षद्वीप दारात आहे. कवरत्ती साडेपाचशे किमी, विमानाला पाऊण तास. पण एडनच्या आखाताच्या तोंडाशी, ५० रेखांशाजवळ जायचं तर अडीच हजार किमी. जाऊन-येऊन सहा तास गेले. तिथं काम करायला तीन तास मिळाले तर नशीब. तिकडच्या मोहिमांना वाटेतला तळ हवा, किंवा चमूनं जे जमेल तेवढंच ठरवून जावं.

मालकीच्या दृष्टीनं मात्र हे विमान सोयीचं. अंग ७३७-८०० चं, इंजिन देशातल्या ७३७ च्या जुन्या ताफ्यावर ओळखीचं. नौदलाच्या आधीच्या इल्यूशिन ३८ आणि तुपोलेव्ह १४२ या गस्ती विमानांसाठी सुटे भाग मिळवण्यात जी वर्षं गेली, त्यांच्या तुलनेत हे सुख. तुपोलेव्ह मार्च १९८८ मध्ये आधी दाबोळीला आलं, १९९२ मध्ये अरक्कोणमला गेलं आणि २९ मार्च २०१७ ला निवृत्त झालं. इल्यूशिन १९७७ पासून दाबोळीलाच, ३१ ऑक्टोबर २०२३ पर्यंत. पण खारं पाणी ७३७ च्या नावाला घाबरत नाही. खाली उडून आलेलं विमान गोड्या पाण्यानं धुवायचं, इंजिनाचा कॉम्प्रेसर धुवायचा, मॅडचा दांडा आणि कप्प्याची दारं कोरडी करायची. आठ तास उडालेला चमू दमून निघून गेला आणि धुणं उद्यावर ढकललं, की गंज आजपासून.

प्रशिक्षणासाठी राजालीवर आणि कोचीच्या नौदल वैमानिकी तंत्र संस्थेत सिम्युलेटरांसकट केंद्र उभारण्याचा करार २०१९ मध्ये झाला. या विमानाची खरी सुधारणा मला त्यात दिसते. पाच जणांनी एकत्र बसून एकच शोध दहादा चालवायचा, दरवेळी एक बोया मुका करायचा, एक चॅनल दुहेरी करायचा, एकदा टॅकोला गप्प बसवायचं. हे समुद्रावर करायला कोणाला परवडणार?

आतून विमान पाहायला मिळेल का, हा प्रश्न येतोच. पी-८आय नाही. पण जुनी पद्धत पाहायची तर विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर तुपोलेव्ह १४२ संग्रहालय म्हणून ठेवलं आहे आणि आत जाता येतं. समोरच आयएनएस कुरसुरा पाणबुडी. दोन्ही एका दिवशी पाहा, आधी पाणबुडी. आणि वास्कोजवळ बोगमाळोच्या वाटेवर नौदल वैमानिकी संग्रहालयात सुपर कॉन्स्टेलेशन उभं आहे. तुपोलेव्हच्या आधी समुद्रावरची लांब गस्त त्यानंही घातली. तिथं गेलात तर पंखांपेक्षा पोटातल्या जागेकडे बघा, आणि तिथं किती माणसं किती तास बसत असतील याचा अंदाज करा.

शेवटी एक प्रसंग, ज्यावरून मी कोणत्याही चमूला गुण देईन. दमलेलं विमान परतीच्या इंधनाला आलंय, बदली विमान येतंय. पाण्यात अठ्ठावीस बोये जिवंत आहेत आणि ते कोणाचेही नसतात. जो त्यांच्या चॅनलवर येईल त्याच्याशी बोलतात. जाणाऱ्या टॅकोला येणाऱ्या टॅकोला प्रत्येक बोयाचा चॅनल, खोली, उरलेलं आयुष्य आणि शेवटची खात्रीची जागा द्यायची असते, शिवाय कोणता बोया खोटं बोलतोय तेही. लिंकवरून आकडे जातात. तो अमुक बोया ट्रॉलरमुळे फसवतोय हे आकड्यांत येत नाही, ते सांगावं लागतं. चांगला चमू त्या पाच मिनिटांसाठी दुसऱ्या अधिकाऱ्याला आधीच मोकळं करून ठेवतो. वाईट चमू परत फिरून तीस किमी गेल्यावर रेडिओवर आठवण करतो, तोवर तेवीस नंबरचा बोया बुडालेला असतो.